आपला एडिटर घडवण्याचा अधिकार कोणाचा? प्लगइनच्या इतिहासाविषयी एक प्रतिवाद

१/ प्रोग्रामिंगच्या साधनांचा इतिहास सांगणारे जे लेखन समाजमाध्यमांवर फिरते, त्यात एक कथा ठरलेली असते. पूर्वी एडिटर रुक्ष आणि दुर्बोध होते. मग २०१५ साली मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोड आणला, एका क्लिकवर प्लगइन मिळू लागले आणि आपला एडिटर आपल्या सोयीने घडवणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. ही कथा ऐकायला गोड आहे. पण ती चुकीची आहे आणि तिच्यातली चूक निरुपद्रवी नाही. म्हणून हा प्रपंच.

२/ आधी शब्दांचा खुलासा. एडिटर म्हणजे ज्यात कोड लिहितात तो प्रोग्राम. प्लगइन म्हणजे त्याला बाहेरून जोडलेली भर: एखादे शब्दांना रंग देते, एखादे चूक दाखवते, एखादे अर्धवट लिहिलेले नाव पुरे करते. अशी भर घालण्याची प्रथा व्हीएस कोडहून किमान चाळीस वर्षांनी जुनी आहे.

३/ १९६०च्या दशकाच्या आरंभी एमआयटीत डॅन मर्फी यांनी पीडीपी-१ या यंत्रासाठी 'टेको' लिहिला. 'टेप एडिटर अँड करेक्टर' असे त्याचे मूळ नाव, कारण मजकूर तेव्हा छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर असे. टेकोत जवळजवळ प्रत्येक अक्षर ही एक आज्ञा होती. आपले नाव आज्ञा म्हणून टंकले तर मजकुराची काय गत होईल, हे ओळखण्याचा खेळ तिथली मंडळी खेळत. (आपल्याकडच्या लांबलचक आडनावांनी त्या मजकुराचे काय केले असते, याची कल्पनाच केलेली बरी.)

४/ या आज्ञा एकत्र गुंफून 'मॅक्रो' करता येत. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी असे मॅक्रो एकेका कळीला जोडण्याची सोय केली आणि जो तो आपापला संच रचू लागला. परिणाम गमतीदार होता: एकाच्या टर्मिनलवर दुसरा बसला, की त्याला काहीच उमगत नसे. या गोंधळातून एक सामाईक संच काढण्याचे काम गाय स्टील यांनी हाती घेतले, स्टॉलमन यांनी ते पुढे नेले आणि १९७६ साली 'एडिटर मॅक्रोज', म्हणजेच इमॅक्स, जन्मास आला.

५/ इमॅक्स एकट्या स्टॉलमन यांच्या डोक्यातून निघाला असे सांगणे हा शुद्ध बखरी थाट आहे. स्टील होते, डेव्हिड मून होते, आणि ज्यांचे मॅक्रो त्या संचात विरघळले ते प्रयोगशाळेतले अनेक जण होते. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध प्रोग्रामेबल एडिटरचे मूळ वापरणाऱ्यांनी स्वतःसाठी केलेल्या भरीत आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर आधी प्लगइन आले, मग एडिटर.

६/ त्याच्या वाटपाला एक अट होती. जो कोणी सुधारणा करील त्याने ती परत पाठवावी, म्हणजे ती सर्वांना देता येईल. स्टॉलमन या व्यवस्थेला 'इमॅक्स कम्यून' म्हणत. अट जाचक होती, आणि तिच्यामागे कायद्याचे बळही नव्हते. पण प्रश्न नेमका तिथेच उपस्थित झाला होता: मी माझ्या एडिटरला घातलेली भर कोणाची?

७/ आता 'सामान्य माणसाच्या आवाक्यात' या दाव्याकडे वळू. १९७८ साली बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी इमॅक्स नव्याने लिहिला, आणि त्याचा विस्तार करण्याची भाषा म्हणून लिस्प निवडली. पुढे काय झाले ते स्टॉलमन यांनी नंतर एका भाषणात सांगितले आहे. ग्रीनबर्ग यांच्या कार्यालयातल्या सेक्रेटरींच्या हाती एक पुस्तिका आली. इमॅक्समध्ये नव्या आज्ञा कशा घालाव्यात हे तीत दिले होते. मात्र याला प्रोग्रामिंग म्हणतात, हे कुठेच लिहिले नव्हते. आपल्याला प्रोग्रामिंग जमणार नाही असे मानणाऱ्या त्या मंडळींनी ती वाचली आणि लिस्पमध्ये आज्ञा लिहू लागल्या.

८/ या घटनेचे मोल लक्षात घ्यावे. व्हीएस कोड यायला अजून ३७ वर्षे होती. त्या सेक्रेटरी कुणी तयार केलेली भर बसवून घेत नव्हत्या, स्वतः लिहीत होत्या. आजच्या दुकानातून वीस एक्स्टेन्शन बसवणारा आणि त्यांतल्या एकाही ओळीत डोकावून न पाहणारा पदवीधर त्यांच्या पुढे आहे की मागे, हे ज्याने त्याने ठरवावे. 'प्रगती' हा शब्द वापरताना माझी लेखणी तरी अडखळते.

९/ पुढचा अध्याय मालकीचा. १९८१ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स गॉसलिंग (हेच पुढे जावाचे जनक) यांनी युनिक्ससाठी सी भाषेत इमॅक्स लिहिला. प्रारंभी तो सहज मिळत असे. १९८३ साली गॉसलिंग यांनी तो युनिप्रेस या कंपनीला विकला. एका विद्यार्थ्याने आपल्या श्रमाचे मोल घेतले, यात मला गैर वाटत नाही. पण त्या एडिटरभोवती जमलेल्या लोकांच्या पायाखालची जमीन मात्र एका व्यवहाराने दुसऱ्याच्या नावावर झाली.

१०/ १९८४ साली स्टॉलमन यांनी जीएनयू इमॅक्सला हात घातला. त्याच्या पहिल्या रूपात गॉसलिंग यांच्या कोडचा काही भाग होता. युनिप्रेसने हरकत घेतली आणि तो भाग नव्याने लिहावा लागला. याच अनुभवानंतर 'जीएनयू इमॅक्स जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना १९८५ साली आला, आणि त्यातूनच १९८९ साली जीपीएलची पहिली सर्वसाधारण आवृत्ती घडली. मुक्त सॉफ्टवेअरच्या सर्वांत प्रभावी परवान्याच्या वंशावळीत एका एडिटरच्या मालकीचा तंटा आहे, हे किती जणांनी वाचले असेल?

११/ दुसऱ्या घराण्याची हकीकत थोडक्यात. बर्कलीत बिल जॉय यांनी घडवलेल्या 'व्हीआय'मध्ये 'एड' या जुन्या एडिटरचा कोड होता, म्हणून त्याचा सोर्स कोड हवा असल्यास एटी अँड टीचा परवाना लागे. मग लोकांनी प्रतिरूपे लिहिली. त्यांपैकी 'स्टीव्ही' हे प्रतिरूप घेऊन नेदरलंड्सचे ब्रॅम मूलेनार यांनी अमिगा संगणकावर 'व्हिम' घडवला आणि १९९१ साली तो प्रसृत केला. तो विनामूल्य होता. आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी दान द्या, एवढीच विनंती. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला स्वतःची स्क्रिप्टभाषा आली आणि भर घालणाऱ्यांचा ओघ सुरू झाला.

१२/ आपल्या लिपीचाही येथे एक धागा आहे. इमॅक्सला अनेक लिपी शिकवणारी 'म्यूल' ही भर जपानमध्ये केनिची हांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली आणि १९९७ च्या इमॅक्स २० मध्ये ती मूळ प्रोग्रामात सामावली गेली. आज इमॅक्समध्ये आयट्रान्स पद्धतीने देवनागरी टंकता येते. परवानगीसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागले असते, तर जपानी संशोधकांची गरज अमेरिकन कंपनीच्या यादीत कितव्या क्रमांकावर असती?

१३/ मराठेशाहीचे वाचक वतन आणि सरंजाम यांतला भेद जाणतात. वतन वंशपरंपरेने चाले. सरंजाम सेवेपोटी मिळे आणि धनी तो परतही घेऊ शके. उत्पन्न दोन्हींतून येई, गावातला रुबाबही सारखाच दिसे. फरक कळे तो धन्याची मर्जी फिरली म्हणजे.

१४/ आता व्हीएस कोडकडे पाहा. त्याचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे, हे खरे. पण मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून आपण जो तयार प्रोग्राम उतरवतो, त्याचा परवाना वेगळा आणि बंधनकारक आहे. एक्स्टेन्शनच्या अधिकृत दुकानाच्या अटींनुसार तिथला माल मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ कुळातल्या उत्पादनांतच वापरायचा. म्हणून त्याच खुल्या कोडपासून बनलेल्या व्हीएसकोडियमला ते दुकान बंद आहे आणि एक्लिप्स फाउंडेशनच्या 'ओपन व्हीएसएक्स'चा आसरा घ्यावा लागतो. सी++ साठीचे मायक्रोसॉफ्टचे एक्स्टेन्शनही इतर एडिटरांत वापरण्यास त्याच्या परवान्यानेच मनाई आहे.

१५/ तेव्हा 'व्हीएस कोड खुला आहे' हे वाक्य अर्धे आहे. घर खुले, पण बाजार धन्याचा. आणि ज्यासाठी आपण तो एडिटर निवडतो, ती वस्तू बाजारातच असते.

१६/ प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते नाकारण्याचे कारण नाही. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने रेड हॅट व कोडेन्व्ही यांच्यासह 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' खुला केला. त्यामुळे एका भाषेचे ज्ञान प्रत्येक एडिटरला वेगळे शिकवण्याची गरज सरली. निओव्हिमने तो २०२१ साली आणि इमॅक्सने २०२३ साली थेट सामावून घेतला. हे मोठे काम आहे. पण ते मोठे का ठरले? तो प्रोटोकॉल कोणालाही, कोणत्याही एडिटरसाठी वापरता येतो म्हणून. दुकानाच्या अटी त्याच्याच उलट दिशेने जातात.

१७/ दुसरा आक्षेप नेहमीचा: सेटिंगच्या फाइलीत रात्री घालवण्यापेक्षा काम करा. रंगसंगती बदलण्यात आठवडा घालवणारे महाभाग असतात, त्यांचा वकील मी नाही. पण जे साधन रोज आठ तास हातात असते ते समजून घेणे हा वेळेचा अपव्यय, असे सुताराला किंवा शिंप्याला कोणी सांगत नाही.

१८/ ज्यांना 'धन्याची मर्जी' ही अतिशयोक्ती वाटते, त्यांनी अ‍ॅटमचे प्रकरण वाचावे. गिटहबने २०१४ साली तो आणला. एकविसाव्या शतकातला आपल्या हाताने घडवता येणारा एडिटर, अशी त्याची जाहिरात होती. इलेक्ट्रॉन हा व्हीएस कोडचा पायाही अ‍ॅटमसाठीच रचला गेला होता. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतले. जून २०२२ मध्ये घोषणा झाली आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला अ‍ॅटम बंद झाला. कोड खुला असल्याने काही जणांनी 'पल्सार' नावाने तो चालू ठेवला, पण प्लगइनचे भांडार त्यांना स्वतःच्या बळावर पुन्हा उभारावे लागले.

१९/ आणि हे दुसरे प्रकरण. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रॅम मूलेनार यांचे निधन झाले. तीन दशके एका माणसाच्या शब्दावर चाललेला प्रकल्प होता तो. २०१४ साली निओव्हिम वेगळा निघाला, तोही त्यांनी एक मोठा बदल स्वीकारला नाही म्हणून. तरीही क्रिस्टियन ब्राबांट आणि सहकाऱ्यांनी काम हाती घेतले आणि २ जानेवारी २०२४ रोजी व्हिम ९.१ प्रसिद्ध झाला, मूलेनार यांच्या स्मृतीस अर्पण केलेला. ज्यांची सेटिंगची फाइल वीस वर्षे जुनी होती, त्यांना त्या दिवशी तीत फारसे काही बदलावे लागले नाही.