लाल पान सापडलं नाही

दिवाळीचा फराळ संपत आला असेल, तर डब्यातली शेवटची चकली हातात घ्या आणि निवांत वाचा. एरवी या सदरात मी गॅजेट, पालकत्व, ऑफिस असलं काहीबाही लिहितो. या वेळी एका फिरण्याची गोष्ट सांगायची आहे.

गोष्ट नवरात्रातली. लेक दुसरीत आहे. तिला शाळेतून एक वर्कशीट मिळालं. विषय होता ‘ऑटम’. चित्रात एक मोठं झाड, खाली लाल-केशरी पानांचा ढीग आणि शेजारी रिकामी चौकट. तुम्हाला सापडलेलं पान तिथे चिकटवायचं. लेकीने दोन दिवस आमच्या अपार्टमेंटचं आवार पालथं घातलं. लाल पान काही मिळालं नाही. शेवटी वैतागून मला म्हणाली, “बाबा, हैदराबादला ऑटम येतच नाही का?”

मी म्हटलं, रविवारी शोधायला जाऊ.

खरं सांगायचं तर हे मी तिच्यापेक्षा माझ्यासाठी म्हटलं. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसची मेल आली होती. सोमवारी अकरा वाजता एचआरबरोबर मीटिंग, विषय रिकामा. आयटीत काम करणाऱ्यांना अशा मेलचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. बायकोला सांगितलं होतं. आई-बाबांना आणि मुलांना नाही. दोन रात्री झोप नव्हती आणि घरात मी सगळ्यांवर डाफरत होतो. बायकोला रविवारी ड्युटी होती. जाताना ती एवढंच म्हणाली, “पोरांना घेऊन बाहेर जा. घरात बसून तू फोनच बघत बसशील.”

सकाळी साडेसहाला आम्ही तिघं निघालो. मी, लेक आणि चार वर्षांचा धाकटा. गेलो गच्चीबावलीजवळच्या खाजागुड्याच्या टेकड्यांवर. काचेच्या इमारतींच्या अगदी पाठीशी हे ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे एकमेकांवर रचल्यासारखे उभे आहेत. आमच्या कॅन्टीनच्या खिडकीतून ते रोज दिसतात. इतक्या वर्षांत मी तिकडे दोनदा गेलो असेन.

माझ्या डोक्यात प्लॅन पक्का होता. पाऊण तासात वर, पंधरा मिनिटं फोटो, अर्ध्या तासात खाली. धाकट्याचा प्लॅन वेगळा होता. तो दर दहा पावलांवर थांबायचा. मुंग्यांची रांग, बाटलीचं झाकण, बकरीच्या लेंड्या, सगळं त्याला सारखंच महत्त्वाचं. मी “चल, चल” करत होतो. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. टीममधल्या मुलांचा ग्रुप. यादीत कोण कोण असेल याचे अंदाज चालले होते. मी तिथेच उभा राहून वाचायला लागलो. धाकटा माझा शर्ट ओढत होता. “बाबा, बघ ना. बाबा, बघ ना.” चौथ्या वेळी मी त्याच्यावर जोरात ओरडलो.

त्या खडकांमध्ये आवाज घुमतो. माझाच आवाज मला परत ऐकू आला. धाकट्याची हनुवटी थरथरायला लागली. लेक शांतपणे म्हणाली, “बाबा, तो तुला कोळी दाखवत होता.”

दोन झुडपांच्या मध्ये गोल जाळं होतं आणि मधोमध कोळी बसला होता. पाय दोन-दोन जोडून, इंग्रजी एक्स अक्षरासारखे. जाळ्यावर पांढऱ्या जाड रेशमाची नागमोडी नक्षी. या कोळ्याला इंग्रजीत ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात, कारण त्याने जाळ्यावर सही केल्यासारखी दिसते. पावसाळ्याच्या अखेरीस हे कोळी झुडपांत खूप दिसतात. ती नक्षी कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. कोणी म्हणतं किडे आकर्षित करायला, कोणी म्हणतं पक्ष्यांनी जाळं मोडू नये म्हणून.

मी धाकट्याला सॉरी म्हटलं. मग फोनचा डेटा बंद केला. दोन लहान मुलांबरोबर एकटा असताना फोन बंद करणं शहाणपणाचं नाही, म्हणून फक्त डेटा. आणि धाकट्याला सांगितलं, “आता तू पुढे. तू थांबशील तिथे आम्ही थांबू.”

तो खूपच थांबला! एका मोठ्या दगडाला त्याने कान लावला, म्हणून आम्हीही लावला. दगड कोवळ्या उन्हाने जेमतेम कोमट झाला होता. लेकीने विचारलं, “हा दगड किती जुना?” मी म्हटलं, सुमारे २५० कोटी वर्षं. ती म्हणाली, “आजीपेक्षाही?” जमिनीत खोलवर थंड होऊन बनलेला हा खडक. त्याला भेगा पडल्या, भेगांतून पाणी झिरपलं, कोपरे झिजून गोल झाले, आजूबाजूची माती वाहून गेली आणि हे गोटे उघडे पडले. कोणी रचलेले नाहीत. मुलांना एवढं सांगून होईपर्यंत माझाच श्वास जरा खाली बसला होता.

पुढे एका सपाट कातळावर डोक्यावरून चतुर उडत होते, पन्नास-साठ तरी. धाकटा त्यांना हेलिकॉप्टर म्हणतो. पिवळसर अंगाचे, सारखे घिरट्या घालणारे हे चतुर पावसाळ्यानंतर आपल्याकडे सगळीकडे दिसतात. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये असं मांडलं की हे चतुर ऑक्टोबरच्या सुमारास भारतातून निघतात आणि मालदीववरून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेपर्यंत पोचतात. बोटभर लांबीचा जीव! आम्ही तिघं कातळावर आडवे झालो आणि बघत राहिलो. किती वेळ, ते आठवत नाही.

परतीच्या वाटेवर तीन-चार बायका पिशव्या भरून फुलं तोडत होत्या. बतुकम्मा चालू होता ना! तेलंगणातला हा फुलांचा सण सर्वपित्री अमावास्येला सुरू होतो आणि दुर्गाष्टमीपर्यंत चालतो. ताटात फुलांचे थर रचून उतरंड करायची, तिच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी ती पाण्यात सोडायची. आपला भोंडला आठवतो की नाही? लेक तेलुगूत धडाधड बोलते. तिने विचारलं, ही कुठली फुलं? एक अम्मा म्हणाल्या, पिवळी ती तंगेडू, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांची ती गुनुगु. “घे बंगारम,” म्हणजे आपलं ‘सोन्या’, असं म्हणत त्यांनी दोन्हींची एकेक डहाळी तिच्या हातात दिली.

लेकीने लगेच आजीला व्हिडिओ कॉल लावायला लावला. म्हणजे डेटा पुन्हा चालू! पण ग्रुप उघडला नाही. माझ्या आईचं माहेर परभणीकडचं. फुलं बघताच ती म्हणाली, “अगं, हा तर तरवड! आमच्याकडे घटावर याचीच माळ असायची. आणि ते कुरडू. कोवळं असताना त्याची भाजी करतात.” मग लेकीला म्हणाली, “लाल पानं कशाला शोधतेस? पानगळ आपल्याकडे शिशिरात. शरदात फुलं बघायची.”

बरोबरच आहे. आपल्याकडचे पळस-सावर पानं टाकतात ते थंडी सरताना. देशी बदामाचं पान लाल होतं, तेही थंडीतच. आश्विन-कार्तिकातला आपला शरद म्हणजे धुतलेलं आकाश, पिवळा तरवड, कुरडूचे तुरे, चतुर, कोळ्यांची जाळी आणि डोळे उघडलेली सीताफळं. टेकडीच्या पायथ्याशी एक बाई टोपली घेऊन बसल्या होत्या. तिथेच बसून आम्ही दोन सीताफळं फस्त केली.

घड्याळ पाहिलं. अडीच तासांत आम्ही जेमतेम आठशे मीटर चाललो होतो. वर पोचलोच नव्हतो. आणि मधला बराच वेळ सोमवार माझ्या डोक्यात आला नव्हता. मी काही ध्यान वगैरे केलं नाही. चार वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच गोष्ट दिसते आणि मी त्याच्या मागे चालत होतो, एवढंच.

सोमवारी व्हायचं तेच झालं. आमची टीम बंद झाली. दोन महिन्यांची नोटीस, सध्या मुलाखती चालू आहेत. मीटिंगआधी पोटात गोळा आला होता, तो काही आठशे मीटर चालल्याने जात नाही. पण त्या संध्याकाळी मी आई-बाबांना शांतपणे सगळं सांगू शकलो, आणि मुलांवर ओरडलो नाही. रविवारची फेरी तेव्हापासून चुकवलेली नाही.

तुम्हीही मुलांना घेऊन जाणार असाल, तर चार गोष्टी. साडेसहाला निघा, नऊच्या आत परता, ऑक्टोबरचं ऊन वाईट. पाणी जास्तीचं घ्या, मुलांना पूर्ण पँट आणि बूट घाला. खडकांच्या कपारीत हात घालू देऊ नका, साप-विंचू असतात. शक्यतो आणखी एखादं कुटुंब सोबत घ्या. आणि पोचायचं ठिकाण ठरवू नका, सगळ्यात धाकट्याला पुढे ठेवा.

वर्कशीटचं काय झालं? लेकीने चौकटीत तरवडाचं फूल चिकटवलं. बाईंनी तिला वर्गापुढे उभं करून विचारलं, हे काय? ती म्हणाली, “तरवड.” अर्धा वर्ग ओरडला, “तंगेडू!”

तुमच्या घराजवळचा शरद कसा दिसतो, ते मला जरूर कळवा. आजी-आजोबांना फुलांची नावं विचारून कळवलंत तर फारच छान. भेटू पुढच्या महिन्यात.