वारशाच्या गाडींत मद्याचा पेला

श्रीमंताच्या हातांतील पेल्याला आपल्याकडे अभिरुचि म्हणतात आणि गरिबाच्या हातांतील बाटलीला व्यसन, हा अनुभव जुनाच आहे. परंतु हा भेद आतां रुळांवरूनहि धांवूं लागला असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४५ व्या कलमान्वयें डब्यांत किंवा रेल्वेच्या आवारांत नशेंत आढळलेल्या मनुष्यास तेथून हांकलून देतां येतें. शिवाय त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद व ५०० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. त्याच रेल्वेच्या रुळांवर १९८२ सालीं राजस्थानची 'पॅलेस ऑन व्हील्स' आली आणि २००४ सालीं महाराष्ट्राची 'डेक्कन ओडिसी' आली. या दोन्ही गाड्यांत मद्यपानासाठीं सजविलेली खास जागा ठेवण्यांत आली. कायदा नशेस शिक्षा करतो, पिण्यास नव्हे, असा बारीक भेद एखादा वकील काढील. तो भेद आम्हांस मान्य आहे. मात्र फलाटावरच्या शिपायानें जनरल डब्यांतील हमालाच्या पिशवींत बाटली पाहिली, तर तो हा भेद करीत बसेल काय?

या ऐषारामी गाड्यांचें उदाहरण पुढें करून आतां असें सुचविणारे लोक भेटतात कीं, नेरळ-माथेरान, काल्का-सिमला, दार्जिलिंग अशा जुन्या डोंगरी गाड्यांवरहि ही 'सोय' असावी. सहल म्हणजे मौज, आणि मौज म्हटली कीं पेला आलाच, असें त्यांचें तर्कशास्त्र! माथेरानच्या डोंगरावर करवंदें, गार वारा आणि वळणावळणाला खालीं दिसणारी दरी यांत ज्यांना पुरेशी मौज वाटत नाहीं, त्यांच्याविषयीं आम्हांस खरोखर कींव येते. पण कींव हा युक्तिवाद नव्हे. म्हणून त्यांच्या म्हणण्याचा विचार केला पाहिजे.

त्यांचा पहिला आधार अर्थातच विलायतेचा. इंग्लंडांत हॅम्पशायरमध्यें मिड-हँट्स नांवाच्या जुन्या लोहमार्गावर वाफेच्या इंजिनाची एक खास बिअरची गाडी सोडतात, हें खरें आहे. परंतु तो मार्ग १९७३ सालीं बंद पडला होता. हौशी मंडळींनीं तो १९७७ पासून पुन्हां चालू केला, आणि आजहि स्वयंसेवकांच्या श्रमावर तो बराचसा उभा आहे. तेथें बिअरच्या विक्रीनें इंजिनाच्या कोळशाला हातभार लागतो. शिवाय ती गाडी संध्याकाळची, वेगळी, आणि तिचें तिकीट काढणारा कशासाठीं जातो आहे हें सर्वांस ठाऊक असतें. ज्याला तें नको, तो दुपारच्या गाडीनें मुलांबाळांसह जाऊं शकतो. आमच्याकडील डोंगरी गाड्या सरकारी रेल्वेच्या. त्यांच्या फेऱ्या मोजक्या. आणि मद्य न पिणाऱ्यासाठीं दुसरी गाडी कोठून आणणार? विलायतेची बाटली तेवढी उचलावयाची आणि तिच्यामागचे कष्ट व शिस्त तेथेंच ठेवावयाची, ही आमची जुनी खोड.

दुसरा आधार इतिहासाचा, आणि तो जरा चतुर आहे. १९०३ सालीं सुरू झालेल्या काल्का-सिमला मार्गावर सोलन ब्रुअरी नांवाचें स्थानकच आहे. तेव्हां मद्य हाहि वारशाचाच भाग नव्हे काय, असें हे लोक विचारतात. वारसा जसाच्या तसा हवा असेल, तर युरोपियनांसाठीं राखलेले डबेहि परत आणा कीं! तिसऱ्या वर्गांतील ज्या गर्दीविषयीं आणि घाणीविषयीं गांधीजींनीं १९१७ सालीं लिहिलें, तीहि जपून ठेवा! आपण इंजिन जपतों, पूल जपतों, बोगदे जपतों. साहेबाची प्रत्येक संवय जपण्याचा मक्ता आपण घेतलेला नाहीं.

राहिलें व्यक्तिस्वातंत्र्य. कोणी आपल्या घरीं काय पितो हें डोकावून पाहण्याची आम्हांस हौस नाहीं. परंतु नेरळहून निघणारा डबा म्हणजे कोणाची बैठकीची खोली नव्हे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभाय यांनीं १९०७ सालीं हा मार्ग पुरा केला, तो अवघ्या दोन फुटी रुळांचा. लांबी सुमारें २१ किलोमीटर. डबे चिमुकले, गुडघ्याला गुडघा लागेल असे. शेजारच्या बांकावरील मंडळींचे आवाज चढूं लागले, तर आजीबाईंनीं नातवंडांना घेऊन उठावें, पण जावें कोठें? चालत्या गाडींत एका डब्यांतून दुसऱ्यांत जातां येत नाहीं, आणि बाहेर दरी आहे. एकाच्या स्वातंत्र्याची किंमत येथें दुसऱ्याला दोन-अडीच तास बसल्या जागीं मोजावी लागते.

दरीचा उल्लेख आम्ही अलंकारासाठीं केलेला नाहीं. मे २०१६ मध्यें डबे रुळांवरून घसरल्यावर ही गाडी दीर्घ काळ बंद ठेवावी लागली. २०१९ च्या पावसानें मार्ग मोडला, तो नेरळपासून माथेरानपर्यंत पुन्हां सुरू व्हावयास २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. यांत मद्याचा कांहीं दोष नव्हता, हें सांगितलेंच पाहिजे. पण जेथें शुद्धीवरचीं माणसेंहि छायाचित्रासाठीं दारांतून अर्धें अंग बाहेर काढतात, तेथें झिंगलेल्यांची भर कशाला? आणि रिकाम्या बाटल्या जाणार कोठें, हें ज्यानें कोणत्याहि घाटाची कड पाहिली आहे, त्यास सांगावयास नको. माथेरानचा परिसर २००३ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, तो कांचेचे तुकडे सांठविण्यासाठीं नव्हे.

ऐषारामी गाड्यांविषयीं आमचें मत थोडें निराळें आहे. तेथें प्रवासी मोजके, दालन स्वतंत्र, उपद्रव कमी. तरीहि आक्षेप राहतोच, आणि तो सरकारवर आहे. राज्यघटनेचें ४७ वें कलम मादक पेयांच्या बंदीसाठीं झटण्यास राज्याला सांगतें. मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा नांव बदलून महाराष्ट्रांत अद्याप पुस्तकांत आहे, आणि त्याप्रमाणें पिणाऱ्याला परवाना लागतो. अशा राज्याच्या पर्यटन महामंडळानें स्वतःच्या नांवाच्या गाडींत पेले मांडावेत, आणि गुजरात किंवा बिहारची हद्द आली कीं तेथील कायदा काय म्हणतो याची चौकशी करीत बसावें, हा देखावा शोभत नाहीं.

माथेरानपुरतें तरी काम अवघड नाहीं. नेरळच्या फलाटावर गाडी सुटण्यापूर्वीं सामान पाहावें. तिकिटावर नियम मराठींत, ठळक अक्षरांत छापावा. जो झिंगून आला असेल त्याला गाडींत चढूं देऊं नये, मग त्याच्या हातांत पिशवी असो वा परदेशी कातड्याची बॅग.