डोळ्याचा पडदा वाट पाहत नाही

नोव्हेंबर 2016. खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्याच्या चित्रणात दिसली आणि सारा महाराष्ट्र हळहळला. सवाल असा, की जिथे कॅमेरा नाही तिथल्या बाळाचे काय? कसाऱ्याच्या मोहल्ल्यात, पाड्यावर, वीटभट्टीवर चित्रण कोण करतो?

तान्ह्या बाळाला रागाने गदागदा हलवले, तर अंगावर ओरखडाही न उठता मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाळ दूध घेत नाही, सुस्त पडते, झटके येतात. घरचे सांगतात, 'झोळीतून पडले.' अशा वेळी पुष्कळदा डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्ताचे ठिपके उमटतात. ते किती आहेत, कोणत्या थरात आणि कुठवर पसरलेत, यावरून डॉक्टरांना बरेच कळते. पण त्यातले कित्येक ठिपके काही दिवसांतच विरतात. म्हणून नेत्रतज्ज्ञाने बाहुली मोठी करून ही तपासणी शक्यतो 24 तासांत, फार तर 72 तासांत करावी, असे वैद्यकशास्त्र सांगते.

आपल्याकडे हे तास रेफरच्या चिठ्ठीत जातात. कसाऱ्याहून शहापूर, तिथून ठाणे, नाहीतर मुंबई. चिठ्ठीवर नुसते 'डोक्याला मार' असेल, तर डोळे राहूनच जातात.

कोणी म्हणेल, बाहुलीत औषध घातले तर मेंदूच्या डॉक्टरांना बाहुली पाहता येत नाही. खरे आहे. पण कमी वेळ टिकणारे थेंब आहेत, एकेक डोळाही तपासता येतो. दोन डॉक्टरांनी बोलून वेळ ठरवावी. जीव वाचवणे आधी, पण तपासणी विसरायला ते कारण नव्हे.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे: यात गरीब, आदिवासी, मुसलमान आईबापच अडकतील. भीती खोटी नाही. म्हणूनच तर तपासणी हवी! नुसत्या ठिपक्यांवरून कोणी गुन्हेगार ठरत नाही; ते प्रसूतीनंतर नवजात बाळात दिसतात, रक्त न गोठण्याच्या आजारातही दिसतात. वेळेवरची नोंद बाळाला वाचवते, तशी निरपराध बापालाही. नोंदच नसेल, तर उरते ती गावची कुजबुज.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे तपासण्याची तरतूद आहेच. तेच कौशल्य इथे लागते. मग जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने एवढा लेखी आदेश काढावा: तान्ह्या बाळाच्या डोक्याला मार असेल आणि सांगितलेले कारण पटत नसेल, तर चिठ्ठीवर 'डोळ्याचा पडदा आजच तपासा' असे लिहावे, वेळ टाकावी आणि पुढच्या नेत्रतज्ज्ञाला फोन करावा. कसाऱ्याच्या बाळासाठी एवढे मागणे जास्त आहे काय?