चाकांचे अभ्यंगस्नान

मोटारीशी माझा संबंध बसण्यापुरता, चालवण्याचा नव्हे. चाके गोल असतात, यापलीकडे त्यांच्याविषयी मला काही ठाऊक नव्हते. पण 2018च्या डिसेंबरात टोरांटोजवळ थोरल्या भावाकडे महिनाभर राहिलो आणि हे सुखाचे अज्ञान संपले.

दुसऱ्याच दिवशी पाहतो तो दादा गॅरेजात उकिडवा बसलेला. शेजारी कोमट पाण्याची बादली, हातात कुंचा. एकेक चाक आंजारून-गोंजारून धुणे चालले होते.

"दादा, घरी असताना सायकल कधी पुसली नाहीस. आणि आता हे अभ्यंगस्नान?"

"सायकलीला मीठ लागत नव्हते," तो म्हणाला.

तिकडे बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्या स्वयंपाकघरातलेच, फक्त जाडेभरडे. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि बर्फ वितळतो. उणे दहाच्या आसपासपर्यंत त्याची मात्रा चालते. त्याहून कडक थंडीत कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार लागतात. रस्ता मोकळा होतो, पण तेच खारे पाणी चाकांना खाते. अॅल्युमिनियमच्या चकचकीत चाकावरच्या लेपाचा खड्याने टवका उडाला, की तेथून मीठ आत शिरते. म्हणून ती चाके दादाने थंडीपूर्वीच धुऊन, वाळवून, मेणाचा हात देऊन भिंतीशी ठेवली होती. मोटारीला साधी पोलादी चाके आणि त्यांवर हिवाळी टायर. पारा 7 अंशांखाली गेला की उन्हाळी टायरचे रबर कडक होते आणि रस्त्यावरची पकड सुटू लागते. शेजारच्या क्युबेक प्रांतात तर 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत.

"हवाही पाहावी लागते," दादा सांगत होता. "पारा साडेपाच अंश उतरला, की दाब पौंडभर उतरतो."

चाकांचे एवढे लाड मला काही पटले नाहीत. मी हसून विषय सोडून दिला.

आठवड्याने पहाटे पाचला जाग आली. बाहेर उणे अठरा. वहिनी इस्पितळात परिचारिका. सातला कामावर हजर व्हायचे, आणि पुढचे चाक बसलेले! दादाने जॅक लावला, नट काढले, चाकाला हलकेच धक्का दिला. ते अलगद हातात आले. स्टेपनी चढली आणि वहिनी वेळेवर निघाली.

"एवढ्या सहज निघते?" मी विचारले.

दादा क्षणभर गप्प राहिला. "गेल्या वर्षी नव्हते निघाले. गंजून आत घट्ट बसले होते. ही महामार्गाच्या कडेला, अंधारात, एकटी दीड तास मदतीची वाट पाहत होती. तेव्हापासून चाके बदलताना बैठकीवरचा गंज तारेच्या ब्रशाने खरवडतो आणि वंगणाचा पातळ हात देतो. नटांच्या आट्यांना मात्र नाही. आणि शंभरेक किलोमीटर झाले, की नट पुन्हा आवळून पाहतो."

मी निमूटपणे बादली उचलली. त्या महिन्यात दोन चाके तो धूत असे, दोन मी.

आता दर दिवाळीला दादाला फोन करतो. आपल्याकडे उटणे भिजते, तेव्हाच तिकडे चाके बदलण्याचे दिवस येतात. फराळाची चौकशी वहिनीकडे होते. दादाला मी एवढेच विचारतो,

"चाके बदललीस ना? आणि गंज खरवडलास?"