मूकपटाला सतारीची साथ

ताजमहाल घडविणाऱ्या प्रेमिकाची कथा म्हणजे १९२८चा मूकपट ‘शिराझ’. इतिहास थोडा, कल्पनाच फार! शिराझ रंगविला हिमांशू राय यांनी. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी लंडनच्या बार्बिकन सभागृहात तो पुन्हा झळकला, तेव्हा अनुष्का शंकर आणि साथीदार वादक प्रत्यक्ष वाजवीत होते. सुमारे पावणेदोन तास! मैफलीत गायक रेंगाळला, तर तबलजी सांभाळून घेतो. पडदा मात्र कोणासाठी थांबत नाही. शिराझला हत्तीच्या पायी देण्याची शिक्षा होते. तो अजस्र पाय सावकाश त्याच्या डोक्यावर येतो. इथे एखादा सूर जरा आधी निसटला, की साऱ्या प्रसंगाचे हसेच व्हायचे! पुढच्याच महिन्यात हा चित्रपट वादकांसह भारतातही येऊन गेला.