न्यायासनाकडे जाणाऱ्या दोन वाटा



आपल्यापैकी अनेकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली आहे. कोणास फिर्यादी म्हणून, कोणास साक्षीदार म्हणून, कोणास जमिनीच्या दाव्यातील वादी म्हणून. परंतु समोरच्या आसनावर बसलेली व्यक्ती तेथवर कशी पोहोचली, तिला कोणी निवडले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. निवडणुकीतील उमेदवाराची जात, पक्ष व चारित्र्य यांची चर्चा रात्र रात्र करणारा आपला समाज न्यायाधीशाच्या निवडीविषयी मात्र मौन बाळगतो. हे मौन आपणास परवडणारे नाही.

प्रथम आपल्या राज्यातील रचना पाहू. तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश असतो. बहुधा तोच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतो. त्याच्यावर वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश आणि जिल्ह्याच्या शिरोभागी जिल्हा व सत्र न्यायाधीश. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील खटले याच सत्र पातळीवर चालतात. या सर्वांवर १८६२ साली स्थापन झालेले मुंबई उच्च न्यायालय. नागपूर, छत्रपती संभाजीनगर व गोवा येथे त्याची खंडपीठे आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास सर्किट बेंचही सुरू झाले. न्यायमूर्तींची मंजूर पदे ९४.

आता निवडीकडे वळू. या एकाच इमारतीत शिरावयाच्या वाटा दोन आहेत. खालची वाट उघडी आहे. घटनेच्या अनुच्छेद २३४ अन्वये कनिष्ठ न्यायाधीशांची नेमणूक राज्यपाल लोकसेवा आयोग व उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून केलेल्या नियमांनुसार करतात. जाहिरात निघते, परीक्षा होते, मुलाखत होते, निकाल लागतो. अनुच्छेद २३३ प्रमाणे सात वर्षे वकिली केलेल्या इसमास उच्च न्यायालयाच्या शिफारशीने थेट जिल्हा न्यायाधीश होता येते. ही वाट बिकट असेल. परंतु ती कोठून सुरू होते हे गावकुसाबाहेरच्या पोरालाही ठाऊक असते.

वरची वाट मात्र निराळी. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीसाठी दहा वर्षांची वकिली अथवा न्यायिक पदावरील तितकीच सेवा लागते. परंतु तेथे अर्ज नाही, जाहिरात नाही, परीक्षा नाही. मुख्य न्यायमूर्ती व दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती नाव सुचवितात. ते राज्य शासन व केंद्र शासन यांच्याकडून सर्वोच्च न्यायालयाच्या निवडवृंदापुढे जाते. ही पद्धत घटनेत लिहिलेली नाही. १९९३ चा निकाल व १९९८ चे मत यांतून ती निर्माण झाली.

यासंबंधी बाबासाहेबांचा विचार आपण विसरता कामा नये. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत या विषयावर बोलताना त्यांनी दोन्ही टोके नाकारली. नेमणुकीची अनिर्बंध सत्ता मंत्रिमंडळास देणे त्यांना मान्य नव्हते. आणि सरन्यायाधीशांच्या संमतीवाचून नेमणूक होऊच नये, हेही मान्य नव्हते. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी तेही मनुष्यच, सामान्य माणसाचे गुणदोष त्यांच्याही ठायी असतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज ज्यास आपण निवडवृंद म्हणतो, त्याच्या बंद दालनाविषयीचा इशारा त्यात चाळीस वर्षे आधीच दिलेला आहे.

परिणाम आकड्यांनीच बोलतो. केंद्रीय कायदामंत्र्यांनी जुलै २०२३ मध्ये संसदेत सांगितले की, २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या ६०४ न्यायमूर्तींपैकी ४५८ सर्वसाधारण वर्गातील, ७२ इतर मागासवर्गीय, १८ अनुसूचित जातींचे आणि ९ अनुसूचित जमातींचे होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जाती शंभरांत सोळांहून अधिक; न्यायासनावर शंभरांत तीन! अमरावतीचे भूषण गवई १४ मे २०२५ रोजी भारताचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले, याचा आनंद आपण सर्वांनी केला आणि तो योग्यच होता. परंतु २०१० साली न्या. बालकृष्णन निवृत्त झाल्यापासून २०१९ साली न्या. गवई यांची नेमणूक होईपर्यंत सर्वोच्च न्यायालयात एकही दलित न्यायमूर्ती नव्हता, हेही ध्यानी असू द्यावे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल : न्यायाधीशास जात कशाला हवी? आक्षेप रास्त आहे. आपल्या जातीचा न्यायाधीश आपल्या बाजूने निकाल देईल, अशी अपेक्षा आम्ही करीत नाही; तसे करणे हा न्यायाचाच द्रोह ठरेल. निकाल पुराव्यावरच व्हावा. परंतु पाणवठ्यावरचा अपमान म्हणजे काय, साक्षीदार ऐनवेळी का उलटतो, फिर्याद द्यावयास चार दिवस का लागतात, हे समजण्यास जे जीवन पाहावे लागते, ते जीवन पाहिलेली माणसे न्यायासनावर मुळीच नसावीत, हा कोठला न्याय?

मग उपाय काय? नेमणुका शासनाच्या हाती द्याव्या, असे आम्ही म्हणत नाही. २०१४ च्या घटनादुरुस्तीने नेमलेला आयोग सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी रद्द केला. शासनाच्या हस्तक्षेपाची त्यामागील भीती निराधार नव्हती. आमची मागणी एवढीच की, उच्च न्यायालयासाठी कोणाची नावे विचारात घेतली, कोणत्या कसोट्यांवर घेतली आणि कोणत्या सामाजिक थरांतून घेतली, हे प्रसिद्ध व्हावे. उजेडाने न्यायालयाचे स्वातंत्र्य कमी होत नाही.

परंतु केवळ मागणी करून भागणार नाही. २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा घातली. अनुभव हवा, हे खरे. पण ही तीन वर्षे खायचे काय? प्रस्तुत लेखकाने आरंभीच्या काळात एका ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत फायली वाहिल्या; महिनाअखेर जे हाती पडे त्यात एस.टी.चे भाडेही सुटत नसे. घरी आई मजुरीस जात होती म्हणून टिकाव लागला. ज्यांच्या घरी तेवढाही आधार नव्हता असे सहाध्यायी वकिली सोडून कारकून झाले. परीक्षेची उघडी वाट अशी पोटापाशी येऊन बंद होते.

म्हणून आपल्या विहारांना व मंडळांना आमची विनंती आहे. जयंतीच्या खर्चातून दरवर्षी एक वाटा बाजूस काढा. तालुक्यातील एका तरी होतकरू मुलास वा मुलीस ही तीन वर्षे निर्वाहवेतन द्या. त्यास कायद्याची पुस्तके, बसावयास जागा आणि मार्गदर्शनास एक अनुभवी वकील द्या. आपल्यातील जे वकील स्थिरावले आहेत, त्यांनी कनिष्ठास रिकाम्या हाती घरी पाठवू नये. आज जो तालुक्यात बसेल, तोच उद्या जिल्ह्यात बसेल आणि परवा उच्च न्यायालयाच्या दारात उभा राहील. ते दार उघडावे म्हणून भांडणे आपले कर्तव्य आहे; पण त्या दारापर्यंत माणूस पोहोचविणे हे त्याआधीचे कर्तव्य आहे.