सुगंध देऊन विकत घेतलेले दिवस

डच गुलाबाला वास नाही, ही मराठी घरांतली तक्रार आता जुनी झाली आहे आणि ती खरीही आहे. फुलवाल्याकडे लांब दांडीचा, टपोऱ्या कळीचा जो लालभडक गुलाब मिळतो, तो नाकाशी धरला तर ओल्या पाल्यापलीकडे फारसे काही जाणवत नाही. फुलदाणीसाठी गुलाबाच्या जाती निपजवणाऱ्यांनी कित्येक दशके निवड केली ती सरळ दांडीसाठी, जाड पाकळीसाठी, खोक्यातला प्रवास सोसण्यासाठी आणि सर्वांत जास्त, फूल किती दिवस टिकते यासाठी. या निवडीत सुगंध मागे पडला. २०१५ साली फ्रेंच संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की सुगंधी गुलाबाच्या पाकळीत गंधद्रव्य घडवणारे एक जनुक जोमाने काम करत असते, आणि ज्या जातींना वास नाही त्यांत तेच जनुक जवळपास निपचित पडलेले असते. म्हणजे हा एक सौदा होता. गावठी गुलाबाचा दरवळ आपण दिला आणि बदल्यात आठ-दहा दिवसांचे आयुष्य घेतले. सौद्याबद्दल मला तक्रार नाही. घरात आठवडाभर उमलत राहणारे फूल ही मोलाची गोष्ट आहे. माझी तक्रार अशी आहे की ते दिवस गिऱ्हाइकाच्या हाती पडतच नाहीत. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी फूल मान टाकते, आणि आपण वासही गमावतो, आयुष्यही गमावतो.

‘मान टाकणे’ हा शब्दप्रयोग गुलाबाच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. कळीच्या लगेच खालचा दांडीचा दोन-तीन इंचांचा भाग कोवळा असतो, बाकीच्या दांडीसारखा लाकडी झालेला नसतो. तो ताठ राहतो तो केवळ आतल्या पाण्याच्या दाबावर. पाणी पोचायचे थांबले की पहिल्यांदा तोच वाकतो, आणि वर घट्ट मिटलेली, अजून उमलायची असलेली कळी खाली लोंबते. पाकळ्या गळून पडलेले फूल वयाने संपलेले असते. मान टाकलेले फूल तहानेने संपलेले असते. फुलदाणीत पाणी असून गुलाब तहानेने का मरावा? कारण पाणी वर नेणाऱ्या दांडीतल्या नळ्या केसाहून बारीक असतात. दांडी हवेत कापली की कापलेल्या टोकातून हवा आत शिरते आणि पाण्याची सलग धार तुटते. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. कापलेल्या दांडीतून पाझरणारा रस आणि पाण्यात बुडालेली पाने हे जिवाणूंचे खाद्य असते. बादलीतले पाणी गढूळ होते, दांडी बुळबुळीत होते, आणि ही बुळबुळ नळ्यांची तोंडे बंद करते. वरची पाने मात्र पाणी हवेत सोडतच राहतात. जमा नाही आणि खर्च चालू, अशी फुलाची स्थिती होते.

हे सारे मावळातल्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. तळेगाव दाभाडेच्या परिसरातली पॉलिहाऊसे व्हॅलेंटाइन डेच्या हंगामासाठी डिसेंबरमध्येच छाटणीचे वेळापत्रक बांधतात, जानेवारीच्या अखेरीपासून कळी तोडतात, तोडलेली दांडी लगोलग पाण्यात उभी करतात आणि दोन ते चार अंशांच्या शीतखोलीत ठेवतात. एवढी घाई कशासाठी? तोडलेले फूल श्वास घेत असते, साठवलेली साखर जाळत असते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की हा जाळ दुपटीहूनही अधिक होतो. शीतखोलीतला एक दिवस आणि उन्हातल्या टेम्पोतला एक दिवस हे कॅलेंडरवर सारखे दिसतात, फुलाच्या आयुष्यात ते सारखे नसतात. परदेशी जाणाऱ्या मालासाठी ही साखळी नीट सांभाळली जाते. देशी बाजारात जाणारा बंच मात्र पुष्कळदा कागदात गुंडाळून, खोक्यात आडवा, कोरडाच प्रवास करतो. दादरच्या मीनाताई ठाकरे मंडईत किंवा पुण्याच्या गुलटेकडीत तो पहाटे उतरतो, तिथून कोपऱ्यावरच्या दुकानात येतो आणि एका बादलीत उभा राहतो. त्या बादलीत काय आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

आपला बाजार गुलाबाची प्रतवारी दांडीच्या लांबीवर आणि कळीच्या आकारावर करतो. लांब दांडीला भाव जास्त. पण घरातल्या माणसाला दांडीच्या लांबीचा उपयोग किती? फुलदाणी वीतभर उंच असते आणि दांडी बहुधा निम्मी कापली जाते. त्याला हवे असतात दिवस, आणि दिवसांची नोंद त्या बंचवर कुठेच नसते. ब्रिटनमधली सुपरमार्केटे गुलाबाच्या वेष्टनावर अमुक दिवस ताजे राहण्याची हमी छापतात, फूल त्याआधी गेले तर पैसे परत देतात. हॉलंडमध्ये फुले ठरावीक खोलीत, वीस अंश तापमानात आणि बारा तास उजेडात ठेवून, ती किती दिवस टिकतात हे मोजले जाते. एकदा दिवस मोजले जाऊ लागले की शेतकऱ्यापासून दुकानदारापर्यंत प्रत्येकाला पाण्याची आणि थंडाव्याची किंमत कळते. आपल्याकडे मोजमाप लांबीचे आहे, म्हणून काळजीही लांबीचीच घेतली जाते.

तोवर गिऱ्हाइकाला स्वतःचे डोळे आणि बोटे वापरावी लागतील. कळी वरून पाहू नये, ती तळाशी, हिरव्या निदलांच्या वर, दोन बोटांत हलकेच दाबून पाहावी. टणक लागली तर ताजी, मऊ लागली तर तिचे दिवस सरत आले आहेत. सर्वांत बाहेरच्या एक-दोन पाकळ्या ओबडधोबड, हिरवट किंवा कडांनी काळपट दिसतात. गिऱ्हाईक त्या पाहून नाक मुरडते आणि फुलवाला त्या ओरबाडून कळी चकचकीत करतो. खरे तर त्या राखणदार पाकळ्या आहेत. आतल्या पाकळ्यांना खरचटू नये म्हणून शेतकऱ्याने ठेवलेल्या. त्या जागेवर असतील तर फुलाला फारसे हात लागलेले नाहीत असे समजावे. उलट, रोज एकेक कोमेजलेली पाकळी सोलून जुने फूल नवे दाखवता येते, तेव्हा अगदी गुळगुळीत, सडपातळ कळीचाच संशय घ्यावा. मग दांडी बादलीतून उचलून तिचे टोक पाहावे. ते तपकिरी आणि बुळबुळीत असेल, पाण्याला कुबट वास येत असेल, तर भाव कितीही कमी असला तरी पुढच्या दुकानात जावे. पाकळ्यांवर फवारलेल्या पाण्याच्या थेंबांना भुलू नये. गुलाब पाकळीने पाणी पीत नाही, आणि पाकळ्यांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात करडी बुरशी धरते. चकाकी फवारलेल्या फुलांबद्दल तर बोलायलाच नको.

यावर फुलवाल्याची बाजू ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. त्याचे दुकान म्हणजे अनेकदा पदपथावरची चार फुटांची जागा. तिथे वीज नाही, नळ नाही, एप्रिलमध्ये चाळीस अंशांचे ऊन. त्याने शीतकपाट कुठे ठेवायचे? माझे उत्तर असे की पहिली गरज शीतकपाटाची नाहीच. बादली रोज साबणाने घासणे, पाणी रोज बदलणे, पाण्यात जाणारी पाने आधी काढणे आणि दांडीचे टोक सकाळी नव्याने कापणे, यांपैकी एकाही गोष्टीला वीज लागत नाही. काटे काढायचा लोखंडी चिमटा दांडीची साल सोलून काढतो आणि प्रत्येक जखम जिवाणूंना वाट देते. तो जरा हलक्या हाताने फिरवायला पैसे पडत नाहीत. उदबत्ती फुलांच्या बादल्यांपासून दूर लावता येते. पूर्वी केळीचे घड धुरी देऊन पिकवत, कारण धुरात इथिलीन असते. तोच वायू फुलालाही लवकर म्हातारे करतो. गुलाबाच्या सगळ्याच जाती त्याला सारख्या बळी पडत नाहीत, पण धोका कशाला पत्करायचा? गाडीवरचा विक्रेता हे सगळे करू शकतो. तो करत नाही, कारण त्याच्याकडे कुणी ते मागितलेले नाही.

आता आपल्या घराकडे येऊ, कारण निम्मा दोष इथे आहे. गुलाब घरी आल्यावर त्याला तसाच फुलदाणीत खोचणे ही पहिली चूक. पाण्याखाली धरून, धारदार सुरीने, दांडीचा इंचभर भाग तिरका कापावा. बोथट कात्री नळ्या चेपून टाकते. फुलदाणी जेवणाच्या ताटाइतकी स्वच्छ हवी. पाण्यात काय घालावे यावर घरोघरी मते आहेत. तांब्याचे नाणे निरुपयोगी आहे, त्यातून जिवाणू मरण्याइतके तांबे पाण्यात उतरत नाही. ॲस्पिरिनचा भरवसा धरण्याजोगा पुरावा नाही. नुसती साखर तर घातकच, कारण फुलाच्या आधी ती जिवाणू खातात. कळी उमलायला साखर लागते हे खरे, पण तिच्याबरोबर पाणी आंबट करणारे आणि जिवाणू मारणारे काहीतरी हवे. आंबट पाणी दांडीतून सहज चढते. एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा साखर आणि दोन छोटे चमचे लिंबाचा रस विरघळवावा आणि शेवटी कपड्यांचे क्लोरीनचे ब्लीच पाव चमचा घालावे. ब्लीच आणि लिंबू पाण्याशिवाय एकत्र करू नयेत, त्यातून विषारी वायू निघतो. हे पाणी दर दोन दिवसांनी बदलावे आणि दर वेळी टोक पुन्हा कापावे. फुलदाणी पंख्याखाली, खिडकीच्या उन्हात किंवा पिकत्या आंब्या-केळ्यांशेजारी ठेवू नये. मान टाकलेला गुलाबही लगेच फेकू नये. टोक कापून तो दांडीसकट तासभर पसरट भांड्यातल्या पाण्यात आडवा बुडवून ठेवला तर पुष्कळदा पुन्हा ताठ होतो.

एक आक्षेप उरतो आणि तो आपल्या संस्कृतीतून येतो. आपल्याकडे फूल हे देवाला वाहायचे, हारात ओवायचे, केसांत माळायचे. ते एका दिवसाचेच असते आणि निर्माल्य होण्यातच त्याचे सार्थक आहे, मग दिवस कसले मोजता? हा आक्षेप गावठी गुलाबाला पूर्णपणे लागू आहे. तो सकाळी तोडावा, देवापुढे ठेवावा, संध्याकाळपर्यंत त्याचा दरवळ घ्यावा. त्याने टिकण्याचे वचन कधी दिलेच नाही. पण पॉलिहाऊसमधला गुलाब टिकण्यासाठीच घडवलेला आहे. त्याच्यामागे कर्ज काढून उभारलेला सांगाडा, ठिबक, खते आणि मजुरी आहे. असा गुलाब दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेला की गिऱ्हाईक पुढच्या वेळी फुलवाल्याला दोष देत नाही, ते प्लास्टिकचे फूल घेते. फूल उत्पादक प्लास्टिकच्या फुलांवर बंदी मागतात आणि त्यांची मागणी योग्य आहे. पण बंदी आली तरी तिसऱ्या दिवशी मान टाकणारे फूल लोकांना परत दुकानात आणणार नाही. आठवडाभर उमलत राहिलेले फूल आणेल.

म्हणून पुढच्या वेळी फुलवाल्यापाशी उभे राहाल तेव्हा भावाच्या आधी विचारा, हा माल कधी तोडला आणि बादलीतले पाणी कधी बदलले. त्याला उत्तर येत नसेल, तर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारा. दहा गिऱ्हाइकांनी तेच विचारले की तो मंडईत विचारेल आणि मंडई मावळात विचारेल.